तिथे तुझी पाटी कोरी

अनेक आशीर्वाद.

परदेशातल्या नोकरीचं पत्र आल्याचं कळलं, फार बरं वाटलं. बॅगेत काय काय भरू, असं विचारलं आहेस. बॅगेचं नंतर बघू. कपडे आणि भांडी कुठेही मिळतात; मिळत नाही ती आपली जुनी पत. बँकेतलं वर्षानुवर्षांचं खातं, वेळेवर फेडलेले हप्ते, ओळखीचे डॉक्टर, चांगलं बोलणारा घरमालक हे सगळं आज तुझ्या पाठीशी आहे, म्हणूनच ते तुला दिसत नाही. परक्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलंस की पाटी कोरी. क्रेडिटचा इतिहास सहसा सीमा ओलांडत नाही. चांगला पगार हातात असूनही मोबाइलचं साधं मासिक कनेक्शन नाकारलं जाऊ शकतं. मनाला लावून घेऊ नकोस, तिथल्या यंत्रणेच्या लेखी तुझा जन्मच त्या आठवड्यातला असतो.

तेव्हा आधी कागद. पासपोर्ट, जन्माचा दाखला, पदवी, असेल तर लग्नाचा दाखला, जुन्या नोकऱ्यांची पत्रं सगळी टेबलावर पसर आणि फक्त नाव वाच. अक्षर न् अक्षर. माझ्या पदवीवर नावात एक अक्षर जास्त होतं आणि इतक्या वर्षांत ते कुणालाही खुपलं नव्हतं. तिकडच्या खिडकीवरच्या बाईंनी पासपोर्ट आणि पदवी शेजारी शेजारी ठेवली, पेनाचं टोक त्या अक्षरावर टेकवलं आणि एक शब्द न बोलता फाइल माझ्याकडे सरकवली. ही दोन्ही नावं माझीच, हे परदेशात बसून सिद्ध करायला मला अडीच महिने लागले. निघण्याआधी ते चार दिवसांत उरकलं असतं.

नावं जुळली की अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर घ्यायचा सरकारी शिक्का. हेग इथे १९६१ साली झालेल्या करारातून आलेला हा शिक्का सव्वाशेच्या आसपास देश मानतात. पण तो कशाची ग्वाही देतो ते समजून घे: कागदावरची सही आणि मोहोर खरी आहे, एवढ्याचीच. तुझी पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे की नाही, ते वेगळं प्रकरण आणि वेगळी फी. करारात नसलेल्या देशासाठी वकिलातीच्या फेऱ्या आल्याच. इथेच एक सांगते. आधी गेलेल्यांचा सल्ला जरूर घे, पण तो शिळा झालेला असू शकतो. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ मध्ये लागू झाला, कॅनडात जानेवारी २०२४ मध्ये. त्याआधी गेलेला माणूस तुला आजही मनापासून, प्रेमाने, चुकीची माहिती देईल.

पोहोचल्यावर एक चक्र सुरू होतं. बँक पत्त्याचा पुरावा मागते, घरमालक बँकेचं खातं मागतो आणि पगार खात्याशिवाय होत नाही. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. जपानमध्येही राहायची जागा ठरली की १४ दिवसांत नोंदणी. म्हणून पहिल्या महिन्याची तात्पुरती जागा ठरवताना भाडं नंतर विचार. या पत्त्यावर नोंदणी करू द्याल का, हे आधी विचार. आणि घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नकोस. फोटो कितीही देखणे असोत.

फोन नंबर! ही चूक इतके जण करतात की मला आता हसूही येत नाही. जुना नंबर बंद केला, की बँकेचे, कराचे, पेन्शनचे सगळे ओटीपी त्या बंद नंबरावर जातात आणि आपले पैसे आपल्यालाच काचेपलीकडून दिसतात. नंबर परदेशात चालू राहील अशी सोय कर, नाहीतर निघण्याआधी प्रत्येक खात्यावर दुसरा मार्ग नोंदव.

रोजची औषधं असतील तर डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी औषधातल्या मूळ घटकाचं नाव असलेली चिठ्ठी घे आणि ते औषध तिथे चालतं का, हे त्या देशाच्या सरकारी पानावर बघ. सर्दीच्या गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल, तर जपानमध्ये नेता येत नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढलास तरी मूळ परवाना जवळ ठेव. आंतरराष्ट्रीय परवाना हा मूळ परवान्याचा तर्जुमा आहे, एकटा चालत नाही. कराबाबत १८३ दिवसांचा नियम, म्हणजे वर्षात इतके दिवस राहिलं की त्या देशाचा कर लागू, सगळे तोंडपाठ म्हणून दाखवतात, पण घर आणि कुटुंब कुठे आहे हेही बरेच देश पाहतात. अमेरिका तर आपल्या नागरिकांकडून ते जगात कुठेही असले तरी हिशेब मागते. एकदा पैसे मोजून जाणकाराला विचार.

आता कागदाबाहेरचं. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली परक्या संस्कृतीत पडणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना सुरुवातीच्या दिवसांना मधुचंद्र म्हटलं होतं. तो ओसरतो. माझा तिसऱ्या महिन्यात ओसरला. कारणही क्षुल्लक: लिफ्टमध्ये कुणाकडे बघून हसायचं आणि कुणाकडे नाही, ते मला कळेना. घरी जे न विचार करता होतं, ते तिथे दिवसभर विचार करून करावं लागतं आणि त्यानेच माणूस दमतो. त्या दिवसांत नोकरी सोडण्याचा किंवा परतीच्या तिकिटाचा निर्णय घेऊ नकोस. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच त्याच माणसांत जाशील असं काहीतरी धर. भाषेचा वर्ग, वाचनालय, खेळ, काहीही. घरच्यांशी रोज तासन्‌तास बोलणं पहिल्या महिन्यात मलाही गोड वाटलं होतं. पुढे त्यापायी माझ्या सगळ्या संध्याकाळी गेल्या आणि शेजारच्या बाईंचं नाव मला आठ महिन्यांनी कळलं.

नावांची तपासणी झाली की कुठे काय जुळत नाही ते कळव. दुरुस्तीचे अर्ज कसे लिहायचे ते मला आता पाठ आहे.