‘कोपार्सनर’ म्हणजे नेमकं कोण? वारस आणि कोपार्सनर एकच का?

नाही. वारसाचा हक्क मालक वारल्यावर सुरू होतो, कोपार्सनरचा जन्मतःच. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने वाटेकरी असतो आणि वडील हयात असतानाही वाटप मागू शकतो, तो कोपार्सनर. मराठीत सहदायाद.

मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला ‘पार्सनर’, म्हणजे वाटेकरी. त्यामागे लॅटिन ‘पार्टिशिओ’, म्हणजे वाटणी. ‘को’ म्हणजे सह. गंमत अशी, की इंग्लंडच्या जुन्या कायद्यात जमीन थोरल्या मुलाला जायची आणि मुलगाच नसेल तर सगळ्या मुलींना मिळून. म्हणजे तिथे कोपार्सनर बहुधा बहिणीच असत! इंग्रजांनी तोच शब्द मिताक्षरा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचे हक्क ठरवणाऱ्या जुन्या हिंदू पद्धतीला लावला, आणि इथे मुली बाहेर राहिल्या. महाराष्ट्राने 1994 मध्ये अविवाहित मुलींना हा हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राने हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीने विवाहित मुलीही आल्या. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेलं वाटप उकरता येत नाही.

घोळ होतो तो इथे: वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलगा किंवा मुलगी कोपार्सनर नसतात. ते घर वडील मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. पत्नी वारस असते, कोपार्सनर नाही. पण नवरा आणि मुलांत वाटप झालं तर महाराष्ट्रात तिलाही मुलाएवढाच हिस्सा मिळतो. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून जन्मजात हक्क जात नाही. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी हे तपासाच.