पुण्यात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या कॅम्पर व्हॅनला दर टाकीला डिझेल ॲडिटिव्ह घालावं का?

नाही, बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांचं) इंजिन असेल तर दर टाकीला ॲडिटिव्ह, म्हणजे डिझेलमध्ये मिसळायचं रसायन, घालायची गरज नाही. एप्रिल २०२० पासून पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाखात १० भाग) आणि सीटेन, म्हणजे डिझेल किती सहज पेट घेतं याचा आकडा, किमान ५१ असतं. वंगणाचा गुणही रिफायनरीतच राखलेला असतो. मी भोसरीत डिझेल इंजेक्टरची कामं करतो. उभ्या गाड्यांना खरा त्रास पाण्याचा होतो. पावसाळ्यात टाकी अर्धी असली की दमट हवेतलं बाष्प आत थंड होऊन तळाशी पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात आणि फिल्टर काळ्या चिकट गाळाने भरतो. म्हणून जूनआधी टाकी काठोकाठ भरा, फिल्टरखालचं पाणी अधूनमधून काढा आणि डिझेल शक्यतो सहा महिन्यांत वापरा. तरीही गाडी त्याहून जास्त उभी राहणार असेल, तर मॅन्युअलमध्ये चालतं असं लिहिलेलं जंतुनाशक एकदा घाला. धातुयुक्त ॲडिटिव्ह मात्र कृपा करून टाळाच, त्याची राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचते, ती जळून जात नाही, आणि डीपीएफ बदलणं फार महाग पडतं. अपवाद हिवाळ्यातल्या लडाखचा: इथलं डिझेल तिथे गोठतं. तिकडे गेल्यावर स्थानिक विंटर ग्रेड डिझेलच भरा. अँटी-जेल (डिझेल घट्ट होऊ न देणारं ॲडिटिव्ह) घालायचंच झालं, तर डिझेल घट्ट व्हायच्या आधी.