‘जर्नीमन’ म्हणजे प्रवासी नव्हे

बेसबॉलपटूवरील लेखाचा अनुवाद करताना ‘जर्नीमन आउटफिल्डर’साठी ‘प्रवासी क्षेत्ररक्षक’ म्हणावे का, असा प्रश्न आहे (‘आउटफिल्डर’ म्हणजे बेसबॉलमध्ये मैदानाच्या दूरच्या भागात चेंडू अडवणारा खेळाडू). म्हणू नये, कारण या शब्दाचा उगम प्रवासात नसून दिवसात आहे.

फ्रेंचमध्ये ‘जूर’ म्हणजे दिवस आणि ‘जुर्ने’ म्हणजे दिवसभराचा अवधी, त्यात होणारे काम किंवा कापले जाणारे अंतर. त्यातील अंतराचा धागा धरून इंग्रजीत ‘जर्नी’ला प्रवासाचा अर्थ आला, कामाचा धागा मात्र ‘जर्नीमन’मध्ये टिकला. उमेदवारी संपलेला, पण अजून स्वतःचे दुकान थाटून उस्ताद न झालेला, रोजावर दुसऱ्याकडे राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. आपल्याकडेही ‘रोज’वरून रोजंदारी आणि रोजनिशी आली, तर एका दिवसाच्या वाटचालीला आपण ‘मजल’ म्हणत आलो. ‘मजल दरमजल’ तिथलेच.

अमेरिकी क्रीडालेखनात मात्र दोन्ही छटा पुन्हा एकत्र आल्या आहेत. भरवशाचा, पण तारांकित नव्हे, आणि म्हणूनच एका संघाकडून दुसऱ्याकडे जात राहणारा, असा तो खेळाडू. कॅनडाचा मॅट स्टेअर्स हे त्याचे ठळक उदाहरण. 1992 मध्ये माँट्रियल एक्स्पोजकडून सुरुवात करून, मध्येच जपानच्या चुनिची ड्रॅगन्सकडून खेळून, 2011 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सकडून तो थांबला, तेव्हा त्याच्या अंगावर मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतल्या, 13 नावांचे गणवेश चढून गेले होते. नावे 13, पण संघ 12 (एक्स्पोज हाच संघ 2005 मध्ये वॉशिंग्टनला जाऊन नॅशनल्स झाला). ऑगस्ट 2008 च्या अखेरीस टोरंटोने त्याला फिलाडेल्फियाकडे धाडले आणि ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध सामना बरोबरीत असताना बदली फलंदाज म्हणून उतरून त्याने होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका) ठोकला. बदली फलंदाज म्हणून 23 होमरन हा त्याचा विक्रम आहे. रोजावर आलेल्या गवंड्याने नेमकी कोनाड्याची कमान साधून द्यावी, तशातला हा प्रकार.

आता प्रतिशब्द. ‘आयाराम-गयाराम’ सपशेल चूक, कारण हा खेळाडू बहुधा स्वतःहून जात नाही. संघ परस्पर व्यवहार करून त्याला पाठवतात. ‘भाडोत्री’मध्ये निष्ठेवर शिंतोडे उडतात आणि ‘पाट्या टाकणारा’ तर उलट कामचुकार. ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ स्टेअर्सला आकड्यासकट बसते, हे मान्य, पण त्यात बेरकीपणाचा वास आहे. केवळ संघबदल सांगायचा असेल, तर ‘फिरस्ता’ चालेल. मी मात्र वाक्यच उलगडून लिहीन: ‘बारा संघांच्या हाताखाली राबलेला कसबी आउटफिल्डर’. ‘आउटफिल्डर’ तसाच ठेवावा, कारण ‘क्षेत्ररक्षक’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचेच मैदान उभे राहते.