फाट्यावरची गाडी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लोंढा–हुबळी मार्गावरच्या अळणावरहून दांडेलीकडे जाणाऱ्या रेल्वे फाट्याबद्दल खानापूर, हल्याळ आणि निपाणी भागातून बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

दांडेलीची लाइन मुळात कशासाठी टाकली? मधली कित्येक वर्षं प्रवासी गाडी नव्हती, तरी रूळ उखडले नाहीत, ते कसं? (वाचक, हल्याळ)

लाकडासाठी. दांडेलीच्या जंगलातलं सागवान आणि इतर इमारती लाकूड बाहेर काढायला ब्रिटिश अमदानीत हा फाटा टाकला गेला. मुख्य मार्ग सदर्न मराठा रेल्वेचा. ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. मुख्य मार्ग आणि फाटा दोन्ही मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. पुढे १९५५ च्या सुमारास दांडेलीत कागद गिरणी उभी राहिली आणि फाट्याला कायमचं गिऱ्हाईक मिळालं.

रूळ टिकले ते या गिऱ्हाइकामुळे. १९९० च्या दशकात मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा फाटा मीटर गेजच ठेवला असता तर प्रत्येक वाघिणीतला (मालडब्यातला) माल अळणावरला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागला असता. त्या हमालीत आणि खोटीत रेल्वेपेक्षा ट्रक स्वस्त पडतो. म्हणून फाटाही रुंद केला, पण प्रवासी गाडी मात्र बंद पडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये, बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना, दांडेलीजवळच्या आंबेवाडीपर्यंत ती पुन्हा सुरू झाली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभरातल्याच प्रवासी गाड्या थांबल्या, तिथे या नव्या गाडीची गत काय होणार! फाट्याच्या टोकाला माल असेल तर फाटा जगतो. प्रवासी त्याच्या आधारानं जातात, उलटं सहसा होत नाही.

एकेरी लाइनवर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून काय करतात? पूर्वी ड्रायव्हर चामड्याच्या पिशवीची मोठी रिंग पकडायचा, ती काय होती? (वाचक, नंदगड)

टोकाला संपणाऱ्या आखूड फाट्यासाठी नियमांत एक अगदी साधी पद्धत आहे. अख्ख्या फाट्यावर एका वेळी एकच गाडी. त्यासाठी एकच दांडा किंवा टोकन असतं आणि त्यावर दोन्ही टोकांच्या स्टेशनांची नावं असतात. ते हातात आल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. दांडा एकच, म्हणून गाडीही एकच. ना तारा, ना यंत्र.

यातली अडचण गाडी मधेच बंद पडली की कळते. दांडा तिच्याच ड्रायव्हरकडे अडकलेला असतो, मदतीचं इंजिन त्याविना जंक्शनातून निघणार कसं? अशा वेळी स्टेशन मास्तर लेखी परवाना देऊन ते सावकाश सोडतो. इथे एक गोष्ट कटाक्षानं पाळावी लागते. एकदा मदत मागितली की बंद पडलेली गाडी जागची हलवायची नाही, इंजिन पुन्हा सुरू झालं तरीसुद्धा. मदतीच्या इंजिनाला ‘अमुक किलोमीटरला गाडी उभी आहे’ असं सांगितलेलं असतं. ती पुढे सरकून आली तर टक्कर ठरलेलीच.

तुम्ही पाहिलेली रिंग नील्स बॉल टोकनची. जास्त गाड्यांच्या एकेरी मार्गावर लागोपाठच्या दोन स्टेशनांत विजेनं जोडलेली दोन यंत्रं असतात आणि त्यांत धातूचे गोळे. दोन्ही यंत्रं मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर येतो. तो परत कुठल्या तरी एका यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. गोळा पिशवीत, पिशवी वेताच्या रिंगला, म्हणजे न थांबणाऱ्या गाडीतूनही हात घालून उचलता येते. शेजारच्या दोन टप्प्यांचे गोळे वेगळ्या घडणीचे ठेवतात, म्हणजे एकाचा गोळा दुसऱ्याच्या यंत्रात जात नाही. यंत्र बिघडलं तर दोन्ही मास्तर एकमेकांना खासगी क्रमांक (निरोप खरा असल्याची खूण) देऊन कागदी लाइन क्लिअर तिकीट, म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याचा परवाना, लिहितात. ते हातानं लिहायचं असतं, म्हणून चुकीची शक्यता तिथेच जास्त.

शेवटच्या स्टेशनात इंजिन दुसऱ्या टोकाला लावायला एवढा वेळ का लागतो? (वाचक, खानापूर)

इंजिन फिरवण्यात वेळ कमी जातो, ब्रेक तपासण्यात जास्त. आधी डब्यांचे हातब्रेक लावतात. मग इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधले दोन्ही बाजूंचे अँगल कॉक (हवेच्या तोट्या) बंद करायचे, त्यानंतरच होज पाइप (हवेच्या रबरी नळ्या) सोडवायचे आणि शेवटी कपलिंग. हा क्रम चुकला तर भरलेली हवा पाइपातून सुटते आणि पाइप चाबकासारखा उसळून माणसाला लागतो. ब्रेक पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो आणि फीड पाइपात (डब्यांच्या टाक्यांत हवा भरणाऱ्या नळीत) ६ किलो दाब असतो.

मग इंजिन सांध्यापलीकडच्या, म्हणजे लाइन बदलायच्या जागेपलीकडच्या, आखूड तुकड्यात जातं. तिथे इंजिनापुरती, म्हणजे सुमारे २० मीटर, जागा लागते. सांधा बदलला की लूपमधून, म्हणजे बाजूच्या समांतर लाइनवरून, ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला येतं. लूपमध्ये एखादी वाघीण फाउलिंग मार्कच्या (दोन लाइनी जवळ येतात तिथल्या हद्दीच्या खुणेच्या) बाहेर राहिली असेल तर सगळा कार्यक्रम तिथेच अडतो. जोडणी झाली की कॉक उघडून दाब भरू द्यायचा. त्यानंतर गार्ड (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) शेवटच्या डब्यातून दाब किंचित उतरवतो आणि ड्रायव्हर इंजिनातल्या काट्यावर तो उतरलेला दिसतो का ते बघतो. काटा हलला नाही तर मधे कुठला तरी कॉक बंद राहिला आहे आणि त्यापुढच्या डब्यांना इंजिनाचा ब्रेक लागणारच नाही. ही तपासणी घाईत उरकणं म्हणजे उतारावर जिवाशी खेळ. दोन्ही टोकांना केबिन असलेल्या डेमू-मेमू (डिझेलवर किंवा विजेवर चालणाऱ्या लोकलसारख्या) गाड्यांना हा खटाटोप लागत नाही. आमच्या मते आखूड फाट्यावर तीच गाडी शहाणपणाची.

फाटा एवढासा, तरी गाडीला तासतासभर उशीर? (वाचक, अळणावर)

उशीर फाट्यावर होत नाही, जंक्शनात होतो. मुख्य मार्गाच्या एक्स्प्रेसला आधी वाट मिळते. जोडगाडी (फाट्यासाठीचे प्रवासी आणणारी मुख्य मार्गाची गाडी) उशिरा आली तर फाट्याची गाडी तिच्यासाठी थांबते किंवा प्रवाशांना टाकून निघते. दोन्हीकडून शिव्या ठरलेल्या.

निपाणीला रेल्वे का नाही? (वाचक, निपाणी)

नकाशा बघा. मिरज–बेळगाव मार्ग कुडची, रायबाग, घटप्रभा असा पूर्वेकडून वळून जातो, निपाणी पश्चिमेला राहते. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर हा ४७ किलोमीटरचा फाटा झाला. कोल्हापूर संस्थानानं तो बांधला आणि तो कोल्हापुरातच संपला. तेव्हापासून निपाणीकरांची जवळची स्टेशनं कोल्हापूर आणि चिकोडी रोड.

मीटर गेजचं ब्रॉडगेज म्हणजे दुसरा रूळ थोडा बाजूला सरकवायचा, एवढंच ना? (वाचक, लोंढा)

तेवढ्यानं भागत नाही. रुळांतलं अंतर १००० वरून १६७६ मिलिमीटर होतं, त्यामुळे जुने आखूड स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) निकामी ठरतात. नवे काँक्रीटचे स्लीपर २.७५ मीटर लांब असतात आणि त्यांना खडीचा थरही रुंद लागतो, म्हणजे भराव दोन्ही अंगांनी वाढवावा लागतो. मीटर गेजला १०९ मीटर त्रिज्येचं वळण चालायचं, ब्रॉडगेजला किमान १७५ मीटर. त्यामुळे नाल्याकाठानं वळत गेलेली लाइन जागोजागी सरळ करावी लागते. पुलांचे गर्डर जास्त वजनाचे हवेत. फलाट रुंद डब्यांना घासतात म्हणून त्यांची कडा मागे घ्यावी लागते.

आपल्या भागात पावसाचं दुखणं वेगळं. चिकणमातीच्या भरावावर पाणी साचलं की गाडीच्या दणक्यानं चिखल खडीत वर येतो, खडी घट्ट होते आणि रूळ डगमगतो. वरून नवी खडी टाकून उपयोग नाही. आधी बाजूची गटारं उपसून पाण्याला वाट द्यावी लागते, मग जुनी खडी चाळून घ्यायची.

पावसाळ्यात रुळावर झाड पडलेलं दिसलं तर गावकऱ्यानं काय करावं? (वाचक, नागरगाळी)

झाड ओढत बसू नका. एकानं जवळच्या गेटमनकडे किंवा स्टेशनात धावावं, दुसऱ्यानं १३९ वर फोन करावा. गाडी येताना दिसली तर रुळाच्या बाजूला उभं राहून हात किंवा हातात असेल ते कापड जोरजोरात हलवा. नियमानुसार ड्रायव्हर तो थांबण्याचाच इशारा मानतो. रात्री कुठलाही दिवा जोरात हलवा.

रेल्वेचा माणूस पोचला की तो रुळावर फटाके लावतो, म्हणजे चाक वरून गेलं की मोठा आवाज करून ड्रायव्हरला सावध करणारे बार. ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन. लाइन एकेरी असल्यानं हे दोन्ही बाजूंना करावं लागतं. माणूस एकच असेल तर ज्या बाजूनं गाडी आधी यायची शक्यता, तिकडे तो पहिल्यांदा जातो. ते फटाके उत्सुकतेपोटी काढू नका.