हुडकणं गावंढळ नव्हे

सांगलीच्या एका वाचनकट्ट्याची विचारणा आहे. कट्ट्याच्या फळ्यावर सूचना होती : ‘कोणत्याही मासिकाचा आधार न घेता, कला आणि सर्जनशीलतेवर स्वतःच्या बळावर ऑनलाइन लिहिणारे लेखक हुडकून काढा. दर महिन्याला एकाची ओळख करून देऊ.’ एका सभासदाने ‘सर्जनशीलता’ खोडून ‘सृजनशीलता’ केलं आणि ‘हुडकून काढा’वर काट मारून ‘डिस्कव्हर करा’ लिहिलं. हुडकणं म्हणे गावंढळ. दुरुस्त्या बरोबर आहेत का?

दोन्ही चूक.

पहिलीचा निकाल दोन ओळींत लागतो. सृज् धातूला ‘अन’ प्रत्यय लागला की ‘ऋ’चा ‘अर्’ होतो : दृश्–दर्शन, कृष्–कर्षण, सृज्–सर्जन. कृष्णेच्या घाटावर गणपतीचं विसर्जन होतं, विसृजन कोणी करत नाही. ‘सृष्टी’त ऋ टिकतो, कारण तिथला प्रत्यय वेगळा. हिंदीत रुळलेलं ‘सृजन’ मराठीत कार्यक्रमपत्रिकांतून घुसलं आहे, ते तिथून काढून टाकावं.

आता हुडकणे. कन्नडात ‘हुडुकु’ म्हणजे शोध. कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या जतकडच्या गावांत एकाच घरात दोन्ही भाषा बोलतात, तिथे हे सांगावंही लागत नाही. सुपारी म्हणजे ‘अडके’ आणि कापायचं हत्यार म्हणजे ‘कत्ति’, त्यातून आपला अडकित्ता झाला. ‘तुप्प’ आणि तूप हीसुद्धा तीच सोयरीक. अडकित्ता आणि तूप गावंढळ नाहीत, मग हुडकणंच कसं गावंढळ?

खरी गंमत ‘ह’मध्ये आहे. तमिळात दूध ‘पाल्’, कन्नडात ‘हालु’. तमिळात वाघ ‘पुलि’, कन्नडात ‘हुलि’. जुन्या कन्नडातही हे शब्द ‘प’नेच सुरू होत. दहाव्या शतकाच्या आसपासपासून तिथल्या शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ होऊ लागला. हुडुकुचं जुनं रूपही ‘प’चंच असणार, असं मी मानतो. मराठीत मात्र पुडकणे नाही, हुडकणेच आहे. म्हणजे ‘प’ गळून ‘ह’ रुजल्यावर आपण हा शब्द उचलला. कृष्णाकाठी दोन भाषा शेजारी नांदत होत्या, याचा एका अक्षरात टिकलेला हा पुरावा आहे.

हे न मानणारे धातुपाठातला, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतला, एखादा ‘हुड्’ पकडून आणतात. त्याचा अर्थ जुळतो का, मधली प्राकृत रूपं कुठे आहेत, याची पर्वा नसते. मराठीचा प्रत्येक धातू संस्कृताच्या दावणीला बांधण्याचा हा हट्ट इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या वाटेने आला आणि त्याने मराठीचं नुकसान केलं. राजवाड्यांचं मोठेपण दुसरीकडे आहे. वाईत मिळालेल्या जुन्या कागदांवर 1898 साली त्यांनी इतिहाससाधनांचा पहिला खंड उभा केला. त्या कामाला हुडकणे हाच शब्द शोभतो.

कारण हुडकणं आणि शोधणं एक नव्हे. शोधच्या मुळाशी शुध् आहे, म्हणजे स्वच्छ करणं. वैद्य पाऱ्याचं शोधन करतात, एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तोच हा धातू. म्हणून कारण शोधतात, उत्तर शोधतात. हुडकणं हाताचं काम आहे. ढिगात हात घालायचा, चाचपायचं, नको ते बाजूला सारायचं. किल्ली हुडकतात, स्थळ हुडकतात.

एक खाचही आहे. नुसत्या हुडकण्यात यशाची हमी नसते. ‘लई हुडकलं, गावलं नाही’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘काढणे’ जोडलं की वस्तू हातात येते. फळ्यावर ‘हुडकून काढा’ होतं, ते नेमकं होतं.

‘डिस्कव्हर केला’मध्ये लेखक माझ्यामुळे उजेडात आला असा भाव येतो. मराठीत लेखक ‘मला सापडतो’. कर्ता तोच, मी नुसता ‘मला’. गवसणेही असंच. त्याचं मूळ ‘गवेषण’, म्हणजे आधी गाई हुडकणं.

कट्ट्याने हुडकायचं कसं, तेही याच क्रियापदातून कळतं. ‘कला’ हा शब्द टाकून शोधलं तर प्रदर्शनांच्या बातम्या पुढे येतात, कारण तो शब्द सगळेच वापरतात. कारागिराच्या तोंडचा शब्द टाका. मिरजेच्या तंबोऱ्यांवर जवळून लिहिणारा हवा असेल तर ‘जवारी’ टाका. जवारी म्हणजे घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, माथ्याला कानसेने दिलेला तो हलका उतार, ज्याच्यावर तार घासून गुंजते. उतार बिघडला तर आवाज बसतो, आणि तारेखालचा दोरा केसभर सरकला तरी गुंजन बदलतं. हे ज्याने लिहिलंय त्याने वाद्य हाताळलेलं असतं. मात्र नुसतं ‘जवारी’ टाकलंत तर आपल्याकडची जवारी मिरची आणि जवारी कोंबडी समोर येईल. म्हणून ‘जवारी तंबोरा घोडी’ असे तिन्ही शब्द एकत्र टाका, मग ‘जव्हारी’ असं लिहून पुन्हा एकदा टाका. एक लेखक गावला की तो आपल्या लिखाणात कोणाकोणाची नावं घेतो ती टिपा आणि त्यांच्यामागे जा. पुढचे दोन-तीन तिथेच असतात.

तेव्हा फळ्यावर ‘सर्जनशीलता’ आणि ‘हुडकून काढा’ परत लिहा.