शेक कोणत्या मशीनवर घ्यावा?

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर त्यांचं आयुष्य गेलं. तंबाखूची सवय जुनी. भाकरीचा घास छातीत अडकायला लागला, आता फक्त पातळच जातं. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वेमस प्रकारचा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा, कॅन्सर निघाला. पेट स्कॅनमध्ये इतरत्र काही नाही. आधी शेक, म्हणजे रेडिएशन, आणि केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. एका दवाखान्यात थ्रीडी रेडिएशन सांगितलं, दुसरीकडे आयएमआरटी. मेहुणे म्हणतात, प्रोटॉनच घ्या. मंद्रूपकडची जमीन विकावी का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जमीन विकू नका. रेडिएशनची डॉक्टर म्हणून हे आधी सांगते, कारण गिऱ्हाईक लवकर मिळतं आणि व्यवहार झाला की मागे फिरता येत नाही.

गाठ मरते ती डोसने, आणि तो या तिन्ही पद्धतींत देता येतो. फरक पडतो तो शेजाऱ्यांना. अन्ननलिकेच्या पुढे हृदय, दोन्ही बाजूंना फुफ्फुसं, मागे मणका. थ्रीडीमध्ये तीन-चार दिशांनी गाठीच्या आकाराचे किरण सोडतात. आयएमआरटीत प्रत्येक किरणाची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करतात, त्यामुळे हृदयावरचा भार बराच उतरतो. मात्र थोडा थोडा डोस फुफ्फुसाच्या मोठ्या भागावर पसरू शकतो, म्हणून प्लॅन करणारा माणूस बारकाईने बघणारा हवा. प्रोटॉन हे क्ष-किरण नव्हेत, कण आहेत; ते गाठीपर्यंत जाऊन थांबतात, पलीकडे जवळपास काही जात नाही.

ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन द्यावं हे ज्या अभ्यासाने पक्कं केलं, तो नेदरलँड्सचा क्रॉस अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. २३ बैठकांत ४१.४ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), सोबत दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं. नुसतं ऑपरेशन झालेल्या गटात निम्मे रुग्ण सुमारे २४ महिने किंवा त्याहून जास्त जगले, आधी हे उपचार घेतलेल्या गटात निम्मे ४९ महिने किंवा जास्त. स्क्वेमस रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत जिवंत कॅन्सर सापडलाच नाही. आणि हे सगळं थ्रीडी पद्धतीने साधलं होतं! तेव्हा थ्रीडी म्हणजे हलका उपचार असं मनात आणू नका.

प्रोटॉनची आयएमआरटीशी थेट तुलना अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये झाली, २०२० मध्ये ती छापून आली. प्रोटॉन गटात दुष्परिणाम, विशेषतः ऑपरेशननंतरची गुंतागुंत, बरीच कमी होती. पण तीन वर्षांनी आजार न वाढता राहिलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, निम्म्याच्या आसपास. म्हणजे प्रोटॉनचा फायदा खरा आहे, पण कॅन्सर हटवण्यात तो पुढे गेलेला नाही. हृदय आधीच कमजोर असेल किंवा छातीला पूर्वी शेक झाला असेल, तर खारघरला टाटाच्या केंद्रात जरूर विचारा. प्रोटॉनची सोय तिथे आहे.

तुमच्या वडिलांसाठी मी आयएमआरटी घेईन. कापसाच्या तुसात आणि तंबाखूत गेलेली फुफ्फुसं, त्यात पुढे छातीचं मोठं ऑपरेशन. डॉक्टरांना सरळ विचारा : हृदयाला आणि फुफ्फुसांना सरासरी किती ग्रे जाणार? श्वासासोबत गाठ हलते, ते धरणारा फोर-डी सीटी करणार का? फुफ्फुसाची फुंकर तपासणीही आधीच करून घ्या. आयएमआरटीसाठी महिनाभर थांबावं लागणार असेल, तर चांगल्या प्लॅनचं थ्रीडी लगेच सुरू करा.

मशीनपेक्षा मला जास्त काळजी वडिलांच्या वजनाची वाटते. शेक सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गिळताना आग होते, खाणं तुटतं, आणि घरचे म्हणतात चार दिवस थांबू. थांबायचं नाही! अशा खंडाने उपचाराचं नुकसान होतं. ज्वारीची आंबील, ताक, गाळलेलं मुगाचं वरण, दुधात कालवलेलं मऊ अंडं, जे उतरेल ते दर दोन तासांनी द्या. शेंगा चटणी, कडक भाकरी, वाफाळता चहा बंद. तंबाखू तर आजपासूनच. तेवढ्याने भागत नसेल तर नळी लागते. ती पोटातून थेट जठरात बसवायला कोणी सुचवलं, तर आधी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना फोन करा. पुढे त्याच जठराची नवी अन्ननलिका करतात, म्हणून बरेच सर्जन नाकातून किंवा लहान आतड्यात नळी घालणं पसंत करतात.

पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज जायचंय. त्यामुळे ठिकाण निवडताना येणं-जाणं धरा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथलंही मत घ्या. शेकानंतर घास सुरळीत उतरायला लागला की पुष्कळ जण ऑपरेशनची तारीख टाळतात. तो निर्णय घरात बसून घेऊ नका. पुन्हा दुर्बीण आणि स्कॅन करून सर्जनसमोर बसा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन, पैसे भरण्याआधीच, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा आणि कोणतं रेडिएशन योजनेत बसतं ते लिहून घ्या.