मुलाला पाळक व्हायचंय. पाच वर्षं सेमिनरीत घालवण्यात काही अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगा बारावी झालाय, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे म्हणतोय आणि सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, जायचं म्हणतोय. तुम्हाला वर्षं आणि पैसा दोन्ही वाया जाण्याची धास्ती. आणि त्याचे मामा म्हणतात, "पाच वर्षं कशाला? सहा महिन्यांचा बायबल कोर्स कर, आत्मा असला की झालं." मी उत्तर लिहिणार नव्हतो, पण त्या मामांपाशी येऊन अडकलो. मलाही एक मामा आहेत.

आधी डिग्रीचं उरकतो. बी.टीएच., बी.डी. या ईश्वरविद्येच्या पदव्या बंगालातल्या सेरामपूर कॉलेजच्या. विल्यम केरी हा मिशनरी आणि त्याच्या सोबत्यांनी १८१८ साली ते कॉलेज काढलं, १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं पदव्या द्यायची सनद दिली आणि १९१८ साली बंगालात कायदा करून ती पक्की झाली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, या पदवीला मान आहे. पण हा कागद दाखवून उद्या तलाठ्याची परीक्षा देता येईल असं धरून चालू नका. म्हणून मुलाला आधी बी.ए. करू द्या, काही बिघडत नाही. मी संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) बी.ए. केलं आणि मग पुण्यात चार वर्षं बी.डी. केलं. आणि हो, अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशामुळं ख्रिस्ती झालेल्या दलितांना एस.सी.च्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळं बी.ए.ला त्या शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवू नका. हे तुम्हाला माहीत असेलच.

आता मामा.

माझे मामा जालना जिल्ह्यातल्या एका पास्टरेटचे, म्हणजे एका पाळकाच्या हाताखालच्या मंडळीचे, वीसेक वर्षं सेक्रेटरी होते (पास्टरेटचं नाव घेत नाही, माणसं हयात आहेत). मी पुण्याला निघालो तेव्हा ट्रंक स्टँडपर्यंत त्यांनीच नेली आणि तिथंच म्हणाले, "काऊन चाललास बा एवढं शिकायला? इथं सातवी शिकलेल्या प्रचारकानं गावंच्या गावं उभी केली. केरी तर चांभार होता." मी तेव्हा गप्प बसलो. नंतर वर्गात कळलं, की हाच चांभार जोडे शिवता शिवता ग्रीक-हिब्रू शिकला होता. आमच्याच जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री मुंबईला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकून तयार झालेले, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले. पंडिता रमाबाई तर केडगावला दुष्काळातल्या पोरीबाळी सांभाळत अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणत होत्या, १९२२ साली गेल्या तोवर त्याच कामात होत्या. आपल्या जुन्या माणसांनी शिक्षणाला कधीच नाकं मुरडली नव्हती. ती खोड नंतरची.

बी.डी. झालं, प्रोबेशन झालं, डीकनची म्हणजे पाळकपणाच्या पहिल्या पायरीची दीक्षा झाली आणि नेमणूक नेमकी मामांच्याच पास्टरेटमध्ये. पगार साडेसहा हजार, तोही दोन महिने मागे. मामा चारचौघांत "पाळकसाहेब" म्हणायचे आणि घरात "ए बाब्या".

२०१३ चा मे महिना. त्या वर्षीचा दुष्काळ मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोक टँकरनं झाडं जगवत होते आणि टँकर परवडेना तेव्हा कुऱ्हाड लावत होते. आमच्या मंडळीतल्या एका माणसानं तीनशे झाडं तोडली, सरपण म्हणून विकली, आणि आठ दिवसांनी औषध घेतलं. त्याचा पोरगा माझ्याकडं संडेस्कूलला यायचा.

मयत सिव्हिलमधून दुपारी सुटणार होती. सकाळी मी कब्रस्तानाची किल्ली मागायला मामांकडं गेलो. किल्ली त्यांच्याकडंच असायची, देव्हाऱ्यासारख्या एका कोनाड्यात, बायबलच्या शेजारी.

"पाळकसाहेब," मामा म्हणाले. घरात असून पाळकसाहेब म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं. "जिवावर उठलेल्याला आपल्यात विधी नसतो. कुंपणाच्या बाहेर जागा द्या, घरच्यांनी प्रार्थना करावी. तुम्ही झगा घालून जायचं नाही. कमिटीचं तसंच म्हणणंय."

"कुठं लिहिलंय असं?"

"बायबलमधी."

"कुठं?"

"तूच शिकून आलास ना एवढं? तूच काढ."

मी काढलं. दुसरं शमुवेल, सतरावा अध्याय, तेविसावी ओवी. अहीथोफेल. हा दावीद राजाचा सल्लागार, राजाला सोडून त्याच्या मुलाच्या, अबशालोमाच्या बंडात गेलेला. तिथं त्याचा सल्ला कोणी ऐकला नाही, तेव्हा तो गाढवावर खोगीर घालून आपल्या गावी गेला, घरची निरवानिरव केली आणि गळफास घेतला. त्याच ओवीत पुढं आहे, की त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं. एका शब्दाचाही दोष नाही, कुंपण नाही. मामांनी चष्मा लावला, बोट ठेवून ओवी वाचली, परत वाचली.

"हा तर गद्दार होता," ते म्हणाले.

"गद्दार होता तरी बापाच्या कबरेत पुरला, मामा. आपला माणूस नुसता कर्जात होता."

मग मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. शौल राजा स्वतःच्या तलवारीवर पडला, तरी याबेश गावची माणसं रात्रभर चालत जाऊन त्याचा देह घेऊन आली, हाडं पुरली, सात दिवस उपास केला, हे सांगितलं. मग, तुम्ही म्हणता तो नियम शास्त्रातला नाहीच, तो इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातला आहे हेही सांगितलं. १६६२ च्या त्या पुस्तकात अंत्यविधीच्या वरच्या अंगाला बारीक सूचना आहे, की बाप्तिस्मा न झालेला, मंडळीतून काढलेला आणि स्वतःच्या जिवावर उठलेला, या तिघांसाठी हा विधी वापरू नये. त्याच्या मागं पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन, ज्यानं 'खून करू नको' ही आज्ञा स्वतःलाही लागू आहे असं मांडलं. त्याचं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण साहेबाच्या पुस्तकातली बारीक सूचना आमच्या आजोबा-पणजोबांनी देवाचा शब्द समजून पाठ केली आणि जालन्याच्या उन्हात त्या माणसाच्या बायकोच्या तोंडावर मारायला ठेवली, हे मला सहन झालं नाही. मी हे जरा जास्तच चढ्या आवाजात बोललो. मामी ओसरीवरून उठून आत गेली.

मामांनी किल्ली उचलून माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही.

कब्र खणायला तिसऱ्या प्रहरी आम्ही सहा जण. वर वीतभर काळी माती आणि खाली मुरूम, टिकाव उडून परत येत होता. मीही अर्धा तास पहार मारली. तळहाताला फोड आले आणि झगा घालताना ते बाहीला लागून फुटले. आजही विधीच्या वेळी बाही ओढताना तो तळहात आठवतो. मयत आली ती साडेपाचला.

आता माझी फजिती सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगं शिकलं आणि जिंकून आलं. कबरेपाशी मी तेविसावं स्तोत्र घेतलं. त्यात शेवटी आपल्या मराठीत कल्याण आणि दया 'लाभतील' असं आहे. मूळ हिब्रूत तिथं 'रादाफ' हे क्रियापद आहे, म्हणजे पाठलाग करणं, शत्रू करतो तसा. वर्गात हे शिकलो तेव्हा अंगावर काटा आला होता. मला वाटलं, सावकारानं आणि बँकेनं ज्याचा पाठलाग केला त्याच्या कबरेवर हे सांगण्यासारखं दुसरं काही नाही. सांगायला लागलो. दोन मिनिटांत लक्षात आलं, की त्याची बायको माझ्याकडं बघतच नाहीये, ती मातीकडं बघतेय आणि तिच्या पोराला तहान लागलीय. मी पुस्तक मिटलं. आमच्या जुन्या मिशनच्या काळातली एक बायबल बाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल सांगणारी बाई, होती, आम्ही आक्का म्हणायचो, चौथी शिकलेली. तिनं मला न विचारता 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक भजन धरलं, आणि पोराला स्वतःच्या पिशवीतली बाटली दिली. आदली रात्रभर ती त्या घरी बसून होती. मी आदल्या रात्री शमुवेल वाचत होतो.

म्हणजे मामांचं अर्धं खरं होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. कारण आक्का रात्रभर बसली तरी किल्ली आक्काला मिळाली नसती. तिला कोणी "कुठं लिहिलंय?" असं विचारूही दिलं नसतं. भलत्याच ठिकाणी देवाचं नाव घेऊन कोणी दार लावत असेल, तर ते लावणाऱ्याच्याच पुस्तकातून उघडून दाखवता यायला हवं. चार वर्षं मी त्यासाठी घालवली असं आता वाटतं. तेव्हा तर ग्रीकचे प्रत्यय पाठ करताना रडकुंडीला आलो होतो.

पुढं कमिटीनं वर पत्र पाठवलं, नव्या पाळकाचं वागणं उद्धट आहे. उद्धट होतं, ते नाकारत नाही. आठ महिन्यांत माझी बदली झाली. मामा आता लग्नाकार्यात भेटतात, "पोरगं शिकलं ते भांडायला शिकलं" असं सोयऱ्यांना सांगतात, आणि पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची धरतात.

तुमच्या मुलाबद्दल एवढंच. सहा महिन्यांच्या कोर्सवर स्वतःची फेलोशिप, म्हणजे प्रार्थनेची मंडळी, काढून बसलेले भाऊ मला ठाऊक आहेत. त्यातले काही माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत, पण आजारी लेकराच्या बापाला "तुझा विश्वास कमी पडला" म्हणणारेही त्यांच्यातच जास्त भेटले. उलट बी.डी. करून फक्त इंग्रजी फाडणारे आणि मयतीला गाडीतून न उतरणारे पाळकही पाहिलेत, त्यामुळं डिग्रीची हमी मी देत नाही. पैसा नाही, हे मुलाला आत्ताच सांगा. माझं घर बायकोच्या शाळेच्या पगारावर चाललं, आणि ती नसती तर मी हे सगळं इतक्या ऐटीत लिहिलं नसतं. नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून पाचारण आठवलं असेल तर मात्र वर्षभर थांबवा. मराठी माध्यमातून आलेला असेल तर पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीत चौकशी करा. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकलला, म्हणजे १९८३ साली यवतमाळहून पुण्याला आली तीच, पहिलं वर्ष आमची पोरं इंग्रजीशी झगडण्यातच घालवतात. मरत नाहीत.

आणि त्याच्या मामांना एकदा सहज विचारा, अहीथोफेल कोण. सांगता आलं तर सहा महिन्यांचा कोर्स करू द्या.

अर्जाबरोबर पाळकाचं शिफारसपत्र लागतं. ते आजच मागून ठेवा, आमच्या लोकांना एक पत्र लिहायला महिना लागतो.